क्वेरी तीच, डेटा तोच, तरी दुपारनंतर रिपोर्ट रेंगाळतो: पोस्टग्रेसमधील प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा जनरिक प्लॅन ओळखणे आणि आवरणे

तक्रार साधारण अशी येते. गाळप हंगाम सुरू आहे, कारखान्याच्या लेखा विभागात ठेकेदारनिहाय वाहतूक बिलाचा रिपोर्ट सकाळी दोन सेकंदांत निघतो, दुपारी त्यालाच चार मिनिटं लागतात. तीच क्वेरी लॉगमधून उचलून, किंमत (म्हणजे ठेकेदाराचा कोड) हाताने भरून पीएसक्यूएलमध्ये, पोस्टग्रेसच्या टर्मिनलवरच्या साधनात, चालवली तर पुन्हा दोन सेकंद. अ‍ॅप्लिकेशन रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत होतं, आणि एक-दोन दिवसांत पुन्हा तेच. कधी एकाच खोलीतल्या दोन संगणकांपैकी एकावर रिपोर्ट पटकन येतो आणि दुसऱ्यावर फिरत राहतो.

ही चारही लक्षणं एकत्र दिसली तर नेटवर्क, अँटिव्हायरस आणि हार्ड डिस्क यांच्यामागे लागण्याआधी प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा प्लॅन पाहावा. प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणजे किमतीची जागा मोकळी ठेवून तयार केलेली आणि पुन्हा पुन्हा चालवली जाणारी क्वेरी; प्लॅन म्हणजे तिच्या ओळी कशा शोधायच्या याचा डेटाबेसच्या प्लॅनरने ठरवलेला मार्ग. कोल्हापुरात साखर कारखाने, दूध संस्था, मार्केट यार्डातल्या गुळाच्या आडती, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या यांच्यासाठी जी सॉफ्टवेअर लिहिली जातात, त्यांचा डेटा या दुखण्याला फार पोषक असतो. एका कोडखाली लाखो नोंदी आणि बाकी शेकडो कोडांखाली मूठभर, ही रचना इथे नेहमीची आहे.

खालच्या आज्ञा आणि सेटिंगची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाकायची.

आधी हे दुखणं नेमकं हेच आहे का ते ठरवा

सर्वात स्वस्त चाचणी: किंमत थेट लिहून क्वेरी चालवा. तीही हळू असेल तर इथे थांबा, कारण तुमचा प्रश्न वेगळा आहे. इंडेक्स नसेल, कोणीतरी कुलूप धरून बसलं असेल, किंवा आकडेवारी शिळी झाली असेल. आपोआप होणारं अ‍ॅनालाइझ (टेबलची आकडेवारी नव्याने गोळा करणं) मूळ सेटिंगप्रमाणे टेबलच्या १० टक्के अधिक ५० ओळी बदलल्यावरच सुरू होतं. म्हणजे ६० लाख पावत्यांच्या टेबलात सहा लाख बदल होईपर्यंत ते हलत नाही. आजची तारीख त्या जुन्या आकडेवारीच्या टोकाबाहेर पडली की प्लॅनरला वाटतं, आजच्या नोंदी जेमतेम एखाद-दुसरीच असणार. तो घोळ थेट किमतीनेही दिसतो आणि अ‍ॅनालाइझ केलं की जातो.

दुसरी शक्यता: अ‍ॅपमधून क्वेरी पहिल्याच वेळेपासून हळू आहे. तिथे पॅरामीटरचा टाइप तपासा. कॉलम इंटिजर आणि जावातून बिगडेसिमल पाठवलं तर डेटाबेस कॉलमलाच न्यूमेरिकमध्ये बदलून तुलना करतो, आणि इंडेक्स बाजूला पडतो. हे जनरिक प्लॅनसारखं दिसतं, पण त्याचा वेळेशी संबंध नाही. सकाळीही हळू, दुपारीही हळू.

आपल्या दुखण्याची खूण ही की क्वेरी आधी काही वेळा वेगाने चालते आणि मग एकदम बिघडते, तेही त्याच कनेक्शनवर.

आत काय घडतं

प्रिपेअर्ड स्टेटमेंट पहिल्या पाच वेळा चालतं तेव्हा पोस्टग्रेस प्रत्येक वेळी आलेली खरी किंमत पाहून नवा प्लॅन करतो. हा कस्टम प्लॅन. सहाव्या वेळी तो किंमत न पाहता, $१ ही जागा रिकामी ठेवूनच एक प्लॅन करून बघतो. हा जनरिक. मग तुलना होते: आतापर्यंतच्या कस्टम प्लॅनांची सरासरी अंदाजी कॉस्ट (प्लॅनरने धरलेला मेहनतीचा आकडा, सेकंद नव्हे) एका बाजूला, जनरिकची कॉस्ट दुसऱ्या बाजूला. कस्टमच्या बाजूला प्लॅनिंगच्या मेहनतीचा दंडही मिळवला जातो: सीपीयू_ऑपरेटर_कॉस्टच्या हजारपट, गुणिले टेबलांची संख्या अधिक एक. मूळ सेटिंग ०.००२५ असल्याने एका टेबलच्या क्वेरीला हा दंड ५ होतो, दोन टेबलांना ७.५. जनरिक स्वस्त दिसला की तो वापरात येतो.

प्रायमरी कीवरून एक ओळ आणणाऱ्या क्वेरीसाठी हे उत्तम आहे. कस्टम आणि जनरिक दोन्ही तोच इंडेक्स वापरतात, आणि दरवेळचं प्लॅनिंग वाचतं. अडचण विषम डेटात येते.

समजा पावत्या या टेबलात ६० लाख ओळी आहेत आणि वजन_नोंदी या टेबलात प्रत्येक पावतीच्या दोन: भरलेल्या गाडीचं वजन आणि रिकाम्या गाडीचं. म्हणजे १ कोटी २० लाख. ठेकेदार कोड १५०० वेगवेगळे. पण सभासद स्वतःच्या ट्रॅक्टरने ऊस आणतो तेव्हा कोड ० पडतो, आणि अशा पावत्या १८ लाख आहेत. किंमत माहीत नसताना प्लॅनर बरोबरीच्या अटीसाठी सरळ भागाकार करतो: ६० लाख भागिले १५००, म्हणजे ४००० ओळी. (नल किमती असतील तर तेवढ्या वजा.) ४००० ओळींसाठी इंडेक्सने पावत्या शोधायच्या आणि प्रत्येक पावतीमागे वजन_नोंदीत इंडेक्सने डोकावायचं, हा नेस्टेड लूप अगदी शहाणपणाचा आहे. कोड ० आला की मात्र हेच डोकावणं १८ लाख वेळा होतं, तेही डिस्कवर इकडे-तिकडे उड्या मारत. तिथे दोन्ही टेबलं सरळ वाचून हॅश जॉइन करणं कितीतरी स्वस्त पडलं असतं.

आता आकड्यांनी पाहू, कारण ‘कधी होतं, कधी नाही’ याचं उत्तर इथेच आहे. उदाहरणापुरतं धरा: छोट्या ठेकेदाराच्या कस्टम प्लॅनची कॉस्ट ६,०००, कोड ०ची ५,००,०००, जनरिकची ५०,०००. प्लॅनिंगचा ७.५ दंड या आकड्यांपुढे किरकोळ.

पहिल्या पाचांत एकदा जरी कोड ० आला तर सरासरी १,०४,८०० होते. जनरिक निम्म्याहून स्वस्त दिसतो आणि निवडला जातो. पहिले पाचही छोटे असतील तर सरासरी ६,००० राहते, जनरिक महाग दिसतो, कस्टम चालू राहतो. पण तुलना दरवेळी होते. कोड ० सातव्या वेळी आला तर सरासरी ७६,५७१ होते आणि आठव्या वेळेपासून जनरिक. अकराव्या वेळी आला तर ५०,९०९, म्हणजे थोडक्यात तोटा. बाराव्या वेळी आला तर ४७,१६७, आणि ते कनेक्शन बचावतं, निदान लगेच दुसरा ० येईपर्यंत.

गंमत अशी की ज्या महाग किमतीमुळे सरासरी फुगते, तिलाच पुढे जनरिक प्लॅन सर्वात जास्त नडतो.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. जनरिक निवडल्यावर नवे कस्टम प्लॅन होत नाहीत, म्हणून सरासरीही बदलत नाही. प्रत्यक्षात चार मिनिटं लागली याची नोंद या हिशोबात कुठेच होत नाही. तुलना फक्त अंदाजांची असते. म्हणून ते स्टेटमेंट सहसा कनेक्शन बंद होईपर्यंत जनरिकवरच अडकतं.

आणि ही मोजणी प्रत्येक कनेक्शनची वेगळी असते. पूलमध्ये (अ‍ॅपने उघडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यात) दहा कनेक्शन असतील तर दहा वेगळे इतिहास. त्यामुळेच एका संगणकावर वेगवान, दुसऱ्यावर रखडलेलं. हिकारीसीपी हा जावाचा पूल वापरत असाल तर कनेक्शनचं मूळ आयुष्य ३० मिनिटं असतं, म्हणून दुखणं आपोआप बरं होऊन पुन्हा उलटतं. दरम्यान कोणी एखादा इंडेक्स टाकून सर्व्हर रीस्टार्ट केला असेल तर श्रेय इंडेक्सला जातं, काम रीस्टार्टने केलेलं असतं. असे बिनकामाचे इंडेक्स पुष्कळ डेटाबेसांत पडून असतात आणि प्रत्येक इन्सर्टला ओझं होतात.

ड्रायव्हरची भर

तुमच्या कोडमध्ये प्रिपेअर्ड स्टेटमेंट लिहिलं म्हणजे सर्व्हरवर ते लगेच बनलंच, असं नाही. पोस्टग्रेसच्या जेडीबीसी (जावाच्या) ड्रायव्हरमध्ये प्रिपेअरथ्रेशोल्डचं मूळ मूल्य ५ आहे. पहिल्या चार वेळा निनावी स्टेटमेंट जातं, पाचव्या वेळेपासून सर्व्हरवर नाव असलेलं बनतं, आणि तिथून पुढच्या पाच वेळा कस्टम. म्हणून जावा अ‍ॅपमध्ये बिघाड सहाव्या वेळी न दिसता दहाव्या वेळी दिसतो. चाचणी करणाऱ्याने रिपोर्ट तीनदा काढून ‘ठीक आहे’ म्हटलेलं असतं, ते यामुळे.

पायथनच्या सायकोपीजी २ मध्ये ड्रायव्हर किमती स्वतः क्वेरीत बसवून पाठवतो, सर्व्हरवर प्रिपेअर होतच नाही. सायकोपीजी ३ मध्ये मात्र थ्रेशोल्ड आहे, तोही ५. जुना ड्रायव्हर बदलल्यानंतर तक्रारी सुरू झाल्या असतील तर इथे बघा.

पीएल-पीजीएसक्यूएल (पोस्टग्रेसच्या आतली प्रोग्रामिंग भाषा) फंक्शनच्या आत लिहिलेली साधी एसक्यूएलही याच यंत्रणेतून जाते. बाहेर कुठे प्रिपेअर शब्दच नाही म्हणून हे दुखणं नाही, असं समजू नका.

प्रत्यक्ष पाहणी

पीएसक्यूएलमध्ये हे करा:

प्रिपेअर पाहणी अ‍ॅज सिलेक्ट … व्हेअर ठेकेदार_कोड = $१;
सेट प्लॅन_कॅश_मोड = फोर्स_जनरिक_प्लॅन;
एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ एक्झिक्यूट पाहणी(०);
सेट प्लॅन_कॅश_मोड = फोर्स_कस्टम_प्लॅन;
एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ एक्झिक्यूट पाहणी(०);

प्लॅन_कॅश_मोड हे सेटिंग आवृत्ती १२ पासून आहे. दोन्ही प्लॅन शेजारी ठेवा. अटीच्या ओळीत $१ दिसला तर तो जनरिक, खरा आकडा दिसला तर कस्टम. जनरिकमध्ये अंदाजी ओळी ४००० आणि प्रत्यक्ष १८ लाख असा फरक दिसला, की निदान झालं. आवृत्ती १६ पासून एक्सप्लेनला जनरिक_प्लॅन हा पर्याय आहे. लॉगमधली $१ असलेली क्वेरी तशीच चिकटवून प्लॅन बघता येतो. तो पर्याय अ‍ॅनालाइझबरोबर चालत नाही, कारण चालवायला किंमतच नसते.

चालू सिस्टिमवर पीजी_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स हा व्ह्यू आहे, आणि आवृत्ती १४ पासून त्यात जनरिक_प्लॅन्स आणि कस्टम_प्लॅन्स असे दोन आकडे मिळतात. एक अडचण: तो फक्त स्वतःच्याच कनेक्शनचं दाखवतो. वेगळी खिडकी उघडून पाहिलं तर रिकामा दिसेल. अ‍ॅपच्या त्याच कनेक्शनवरून वाचून लॉगमध्ये लिहायची छोटी सोय करून ठेवलेली बरी.

त्याहून सोपं म्हणजे ऑटो_एक्सप्लेन, संथ क्वेरीचा प्लॅन आपोआप लॉगमध्ये लिहिणारं मॉड्यूल. सेशन_प्रीलोड_लायब्ररीज मध्ये त्याचं नाव घाला, ऑटो_एक्सप्लेनचं लॉग_मिन_ड्युरेशन ‘१० सेकंद’ ठेवा, कॉन्फिगरेशन रीलोड करा. नव्या कनेक्शनांना ते लागू होईल. फंक्शनच्या आतल्या क्वेरी हव्या असतील तर लॉग_नेस्टेड_स्टेटमेंट्स चालू करा. लॉग_अ‍ॅनालाइझ मात्र हंगामात सरसकट चालू ठेवू नका, त्याचा भार प्रत्येक क्वेरीवर पडतो. ठेवायचंच तर लॉग_टायमिंग बंद करून. लॉगमधल्या संथ प्लॅनमध्ये $१ दिसतोय का, एवढंच आधी पाहायचं आहे.

कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्समध्ये (प्रत्येक क्वेरीच्या वेळेचा हिशोब ठेवणारं एक्स्टेन्शन) स्टडडेव्ह_एक्झेक_टाइम या कॉलमने उतरत्या क्रमाने यादी काढा. सरासरी कमी आणि विचलन प्रचंड, अशा क्वेरी संशयित.

उपाय, आमच्या पसंतीच्या क्रमाने

रिपोर्टसाठी कस्टम प्लॅनची सक्ती करा, पण तेवढ्यापुरतीच. ट्रान्झॅक्शन सुरू करून त्यात ‘सेट लोकल प्लॅन_कॅश_मोड = फोर्स_कस्टम_प्लॅन’ आणि मग क्वेरी. आधीच जनरिकवर अडकलेल्या स्टेटमेंटलाही हे लागू होतं, कारण निवड प्रत्येक वेळी चालवताना होते. लोकल हा शब्द विसरू नका. पीजीबाउन्सर (अ‍ॅप आणि डेटाबेस यांच्या मध्ये बसून कनेक्शन वाटणारा प्रोग्राम) ट्रान्झॅक्शन पद्धतीने चालत असेल तर नुसतं सेट पुढच्या भलत्याच वापरकर्त्याच्या माथी जातं.

रिपोर्टचं डेटाबेस लॉगिन वेगळं असेल तर आणखी सोपं:

ऑल्टर रोल रिपोर्ट_वापरकर्ता सेट प्लॅन_कॅश_मोड = फोर्स_कस्टम_प्लॅन;

वजनकाट्यावरच्या लॉगिनला हात लावू नका. तिथे दिवसभर त्याच लहान क्वेरी पुन्हा पुन्हा चालतात, जनरिक प्लॅन तिथे फायद्याचाच आहे. लॉगिन वेगळं नसेल तर या निमित्ताने करा; इतर दहा कारणांसाठीही ते हवंच असतं. अ‍ॅपचा पूल नवीन कनेक्शन घेईल तेव्हाच ही आज्ञा लागू होते.

फंक्शनसाठी ऑल्टर फंक्शनने त्या फंक्शनपुरतं हेच सेटिंग जोडता येतं. किंवा आतली क्वेरी ‘एक्झिक्यूट … युझिंग’ने लिहा; तिचा प्लॅन दरवेळी नवा होतो आणि किमती तरीही सुरक्षितपणे वेगळ्या जातात.

प्लॅनिंगचा खर्च किती वाढेल ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. एक्सप्लेन अ‍ॅनालाइझच्या शेवटी प्लॅनिंग टाइम लिहून येतो, तो बघून ठरवा. दोन-तीन टेबलांच्या क्वेरीला तो सहसा मिलिसेकंदांतच असतो. चार मिनिटांच्या रिपोर्टपुढे तो मोजायचीही गरज नाही. शेकडो पार्टिशन किंवा पंधरा टेबलांचे जॉइन असतील तर मात्र आकडा पाहूनच पाऊल टाका.

कोडला हात लावता येत नसेल, म्हणजे सॉफ्टवेअर दुसऱ्याचं असेल, तर जेडीबीसीच्या कनेक्शन पत्त्यात प्रिपेअरथ्रेशोल्ड ० करा; सायकोपीजी ३ मध्ये प्रिपेअर_थ्रेशोल्डला नन द्या. पॅरामीटर वेगळेच जातात, फक्त सर्व्हरवर नाव असलेलं स्टेटमेंट राहत नाही. हा उपाय सगळ्याच क्वेरींना लागू होतो, म्हणून तो शेवटून दुसरा.

आणि ज्याला उपाय म्हणू नये तो: किमती स्ट्रिंग जोडून क्वेरीत घुसवणे. प्लॅन चांगला होतो हे खरं, पण एसक्यूएल इंजेक्शनला दार उघडतं. फोर्स_कस्टम_प्लॅनने तोच प्लॅन मिळत असताना हा धोका घेण्याचं कारण उरत नाही.

अ‍ॅनालाइझबद्दल एक गैरसमज. अ‍ॅनालाइझ केल्यावर साठवलेला जुना प्लॅन बाद होऊन नवा बनतो, पण तो नवाही जनरिकच असू शकतो. ‘ऑल्टर टेबल … सेट स्टॅटिस्टिक्स १०००’ केल्याने सर्वाधिक वेळा येणाऱ्या किमतींची यादी मूळच्या १०० वरून लांबते. १५०० कोडांपैकी मधल्या आकाराचे ठेकेदारही तिच्यात येतात आणि कस्टम प्लॅन सुधारतो. जनरिक मात्र ती यादी प्रत्येक किमतीसाठी वापरूच शकत नाही. आकडेवारी सुधारा आणि कस्टमची सक्तीही करा, पण नुसत्या आकडेवारीवर विसंबू नका.

तीन ठिकाणं जिथे क्वेरीच बदलावी लागते

अर्धवट इंडेक्स. ‘स्थिती = बाकी’ एवढ्याच पावत्यांवर छोटा इंडेक्स केला आहे आणि क्वेरीत ‘स्थिती = $१’ आहे. जनरिक प्लॅनला $१ म्हणजे ‘बाकी’च असेल याची खात्री नाही, म्हणून तो इंडेक्स त्याला वापरताच येत नाही. स्थितीच्या किमती तीन-चारच असतात. त्या क्वेरीत थेट अक्षरांत लिहा आणि तीन-चार वेगळी स्टेटमेंट ठेवा.

ऐच्छिक फिल्टर. ‘$१ इज नल ऑर गाव_कोड = $१’ अशी ओळ प्रत्येक फिल्टरसाठी, हा नमुना शोध पडद्यांवर सर्रास दिसतो. करवीर, कागल, शिरोळ असा तालुका, मग गाव, मग गट, मग तारीख. सगळं रिकामं ठेवलं तरी चालावं म्हणून ही युक्ती. कस्टम प्लॅनमध्ये ‘$१ इज नल’चं उत्तर आधीच कळतं, अट सुटसुटीत होते आणि इंडेक्स लागतो. जनरिकमध्ये तो ऑर जसाच्या तसा राहतो आणि गाव_कोडचा इंडेक्स वाया जातो. भरलेल्या फिल्टरपुरतीच एसक्यूएल तयार करा, किमती तरीही पॅरामीटरनेच द्या. थोडं जास्त टाइप करावं लागतं, पण या पडद्यांवरची निम्मी रडारड तिथेच संपते.

तारखांची मर्यादा. ‘तारीख मोठी किंवा समान $१ आणि लहान $२’ अशा दुहेरी अटीला जनरिक प्लॅन टेबलच्या ०.५ टक्के ओळी धरतो, एकेरी अटीला एक तृतीयांश. ६० लाखांत ते अनुक्रमे ३०,००० आणि २० लाख. एका दिवसाचा रिपोर्ट आणि पूर्ण हंगामाचा रिपोर्ट एकाच स्टेटमेंटने काढत असाल तर एकाचं तरी नुकसान ठरलेलं. लिमिटच्या जागी पॅरामीटर असेल तर जनरिक प्लॅन एकूण निकालाच्या १० टक्के ओळी लागतील असं मानतो, म्हणून पानभर ५० ओळींसाठीही तो कधी सगळं सॉर्ट करायला बसतो.

पीजीबाउन्सर असेल तर आणखी एक मेख: ट्रान्झॅक्शन पद्धतीत ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट अस्तित्वात नाही’ अशी चूक येत असेल, तर ते प्लॅनचं दुखणं नाही. आवृत्ती १.२१ पासून मॅक्स_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स शून्याहून जास्त ठेवून ते सुटतं. पण ते सुटलं की स्टेटमेंट सर्व्हरवर जास्त काळ टिकू लागतात, आणि तोवर दबून असलेला जनरिक प्लॅन वर येऊ शकतो. दोन्ही बदल एकाच दिवशी करू नका.

दुसऱ्या डेटाबेसवर हीच तक्रार असेल तर

एसक्यूएल सर्व्हरमध्ये पहिल्या वेळी आलेली किंमत पाहून प्लॅन बनतो आणि सगळ्यांसाठी साठवला जातो. म्हणजे बिघाड एका कनेक्शनपुरता न राहता सर्वांना एकदम होतो. तिथे त्या क्वेरीला ऑप्शन रीकंपाइल हा फोर्स_कस्टम_प्लॅनच्या जवळचा उपाय. २०२२ च्या आवृत्तीत एकाच क्वेरीचे किमतीनुसार वेगळे प्लॅन ठेवण्याची सोय आली. ओरॅकलमध्ये ९आय पासून पहिली बाइंड किंमत डोकावून पाहिली जाते आणि ११जी पासून अ‍ॅडॅप्टिव्ह कर्सर शेअरिंग आहे. मायएसक्यूएल प्रिपेअर्ड स्टेटमेंटचाही प्लॅन प्रत्येक वेळी नव्याने ठरवतो, म्हणून तिथे ‘आधी वेगवान, मग संथ’ असं दिसलं तर कारण दुसरीकडे शोधा.

बदल केल्यावर तपासणी

रिपोर्ट एकाच कनेक्शनवर किमान बारा वेळा काढा. पहिल्या पाचांत मुद्दाम एकदा कोड ० द्या, मग छोटे ठेकेदार, मग पुन्हा ०. त्या कनेक्शनवरून पीजी_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स वाचा: जनरिक_प्लॅन्स शून्यावर आणि कस्टम_प्लॅन्स वाढत गेलेला दिसायला हवा. थ्रेशोल्ड ० केला असेल तर त्या व्ह्यूमध्ये हे स्टेटमेंट दिसणारच नाही, तेही बरोबरच. त्यानंतर पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स_रीसेट चालवा आणि पंधरवड्याचं ऊस बिल निघेपर्यंत विचलनाच्या आकड्यावर लक्ष ठेवा. सर्व प्रकारचे कोड एकाच कनेक्शनवर एकामागोमाग येतात ते त्याच दिवशी.